मित्राचे बारा आठवडे

मिल्ड्युराजवळ, ऑस्ट्रेलिया
८ ऑगस्ट २०१९

मेलेआनेताई,

माझं पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. दर रविवारी चर्चनंतर फोन करतोच, पण तो फोन आई मांडीवर ठेवते, आवाज मोठा करते आणि शेजारची चार घरं ऐकायला बसतात. म्हणून हा कागद. आमच्या तुकडीतला एक जण टोंगाला परततोय, त्याच्या बॅगेत टाकतोय. त्याला सांगितलंय, आत चर्चच्या वर्गणीची यादी आहे. ती कोणी उघडून बघत नाही.

संत्र्यांचा हंगाम जोरात आहे. शिडी, पिशवी आणि थंडी, दिवसभर एवढंच. साइयाभाऊजी मजेत आहेत. ते आणि मी एकाच खोलीत, ते वरच्या पलंगावर, मी खालच्या. घोरतात. तू इतकी वर्षं कशी झोपलीस कोण जाणे.

आता मुद्द्याचं. तू नर्स आहेस म्हणून विचारतो. तू बहीण आहेस म्हणून खरं तर विचारता येत नाही. लहानपणी तू घरात असलीस की मी सिनेमा बंद करायचो, तुझ्या चटईवर कधी बसलो नाही, आणि आज हे लिहितोय. आपले आजोबा असते तर पाठीची सालटी काढली असती. पण इथे दुसरं कोणी नाही, ज्याला विचारावं आणि ते गावभर होणार नाही.

माझा एक मित्र आहे. २७ जुलैला, शनिवारी, गावात सामना होता. आमची पोरं जिंकली. नंतर बिअर झाली. नंतर तो एका बाईबरोबर गेला. काही वापरलं नाही. सोमवारी शिडीवरून उतरला तो पांढराफटक. मित्राचं घर आहे, माणसं आहेत गावी, हे लक्षात घे.

नवव्या दिवशी तो दवाखान्यात जाऊन रक्त देऊन आला. काही निघालं नाही. तेव्हापासून गाणी म्हणतोय. पण मला झोप नाही. एवढं सोपं असतं का गं? सुटला का तो?

उत्तर पाठव. मित्राला सांगायचं आहे.

फोलाऊ

---

बेटावरून, हापाई
२० ऑगस्ट

फोलाऊ,

नाही. सुटला नाही. हे पहिल्या ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं नाही वाचलंस तरी चालेल. पण वाच.

तुझं पत्र मी दवाखान्याच्या औषधांच्या खोलीत बसून वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कान तापले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा नर्स झाले. आता नर्सच लिहिते आहे, बहिणीला बाहेर बाकावर बसवलंय.

तू कुठेही आजाराचं नाव लिहिलं नाहीस. मी लिहिते. एचआयव्ही. बघ, कागद फाटला नाही. आणि तो एकटाच नसतो, सिफिलिस आहे, परमा आहे, बाकीचे आहेत. यातला कुठलाही नवव्या दिवशी तपासणीत दिसेलच असं नाही. आजार आत शिरतो आणि आधी काही आठवडे लपून बसतो. त्या दिवसांत कागदावर काही निघत नाही, पण माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. हीच चूक सगळे करतात. घाईने जातात, कोरा कागद घेऊन येतात आणि गाणी म्हणतात.

तुझ्या मित्राने पहिल्या तीन दिवसांत दवाखाना गाठला असता तर त्याला महिनाभराच्या गोळ्या देता आल्या असत्या. ते गेलं. आता रडून उपयोग नाही. सहा आठवडे झाले की, म्हणजे ७ सप्टेंबरनंतर, पुन्हा रक्त. लघवीसुद्धा. आणि बारा आठवड्यांनी, १९ ऑक्टोबरनंतर, शेवटचं. तोवर कोणाच्या जवळ जायचं नाही, कोणाला रक्त द्यायचं नाही. बारा आठवडे त्याने उपास आहे समजावं. आणि त्या बाईलाही कळवायला हवं. तीही कोणाची तरी मुलगी आहे, तिलाही तपासणीचा हक्क आहे.

तुला माहीत आहे ना, आपल्या दवाखान्यात पुरुष का येत नाहीत? चुलत, मावस, आत्ये, सगळ्या धरून या बेटावर मी निम्म्या पुरुषांची बहीण लागते. बहिणीसमोर असलं बोलायचं नाही. म्हणून ते बोलत नाहीत आणि मग त्यांच्या बायका येतात, पोटातलं मूल घेऊन. मी ते बघितलंय. म्हणून तू लिहिलंस त्याबद्दल रागावले नाही. उलट, लिहिलंस हे बरं केलंस.

आणि मित्राची काळजी करू नकोस. त्याच्या घरचं मी बघते. डिसेंबरात लग्नाची घाई करायची काही गरज नाही.

मेलेआने

---

मिल्ड्युराजवळ
१४ सप्टेंबर

ताई,

मित्र जायलाच तयार नव्हता. "एकदा नाही निघालं म्हणजे नाही, परत परत काय टोचून घ्यायचं?" असं म्हणत होता. मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं, नाव न सांगता. मग म्हणाला, "ही नर्स फार कडक दिसते." मी म्हटलं, "आहेच."

आता जायचं कसं? दवाखाना चाळीस मिनिटांवर, व्हॅन एकच, आणि ती चालवतात आमचे मुकादम, जे रविवारी उपदेश करतात. मी दाढ दुखते म्हणून सांगितलं. मित्र माझ्या सोबतीला. मुकादम वाटेत म्हणाले, "काढूनच टाक ती दाढ." सगळी वाट मी गाल धरून बसलो.

तिथे फोनवर टोंगन दुभाषी दिली. तिचा पहिला प्रश्न, "कुठल्या बेटाचा रे तू? कोणाचा मुलगा?" मित्राने फोन ठेवून दिला. मग नर्सचे सगळे प्रश्न मीच माझ्या मोडक्या इंग्रजीत समजून घेतले आणि सगळी उत्तरं मीच दिली. कधी, किती वेळा, कसं. ताई, मला घाम फुटला होता.

चौथ्या दिवशी त्यांनी परत बोलावलं. एचआयव्ही (बघ, मीही लिहिलं) नाही निघाला. पण सिफिलिस निघाला. कमरेखाली मोठं इंजेक्शन दिलं. दोन दिवस शिडी चढताना लंगडत होता. त्या बाईला दवाखान्याने कळवलं, कोणाचं नाव न घेता. नर्स म्हणाली, हे बरं होतं, पण मोठ्या आजाराचं शेवटचं रक्त बारा आठवड्यांनी द्यायचंच. तू म्हणालीस तेच.

लोसाचं पत्र आलं. आमचं लग्न तू पुढे ढकललंस म्हणे. लग्नाच्या चटईचा काठ उसवला, डिसेंबरपर्यंत होणार नाही, असं तू तिच्या आईला सांगितलंस. मोठ्या बहिणीचा शब्द, त्यावर मी काय बोलणार. लोसा विचारते, तिचं काय चुकलं. मी अजून उत्तर लिहिलं नाही.

फोलाऊ

---

बेटावरून
२७ सप्टेंबर

फोलाऊ,

सगळी उत्तरं तूच दिलीस म्हणे! मला काय दुधखुळी समजतोस? असू दे. मित्र तर मित्र. आपल्यात तेवढा पडदा हवाच, मीही तो ओढणार नाही.

पण लोसाबद्दल ऐक. चटईचा काठ मी माझ्या हाताने उसवला. वीणघरात बायका बघत राहिल्या, चांगली सात महिन्यांची वीण. तुला राग आला तर येऊ दे. त्या पोरीच्या अंगात तुझ्या मित्राचा आजार गेलेला मला बघवणार नाही. बारा आठवडे पुरे होऊ देत, कोरा कागद हातात येऊ दे, मग मी स्वतः काठ विणीन. तिला लिही की तिचं काही चुकलेलं नाही. तेवढं तरी कर.

इंजेक्शन मिळालं हे फार चांगलं झालं. तू, म्हणजे तुझा मित्र, पळून गेला नाही. चुकलेला माणूस दवाखान्याच्या दारात उभा राहिला की माझा अर्धा राग जातो. उरलेला अर्धा मी जपून ठेवलाय, लग्नात काढीन.

आता गोड बातमी. साइया लवकर येतोय! सासूबाईंची तब्येत बरी नाही म्हणून मुकादमांनी त्याला सोडलं. ११ ऑक्टोबरच्या, शुक्रवारच्या बोटीने. सात महिने झाले. मी गाद्या उन्हात टाकल्यात. सेइनी रोज धक्क्यावर जाऊन बाबांची बोट आली का बघते. आणि हे तुला सांगू नये, पण पत्रात आपण बरंच नको ते बोललोय, तर हेही: सेइनीला भाऊ हवा असं आमचं ठरलंय. मी चाळिशीला टेकले, आता थांबून चालायचं नाही.

त्याच्याबरोबर पत्र पाठव.

मेलेआने

---

मिल्ड्युराजवळ
९ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र तुला साइयाभाऊजी देतील. त्यांना यात काय आहे ते माहीत आहे. मी त्यांना म्हटलं, "एक तर तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगा, नाही तर हे तिच्या हातात द्या. पण घरात झोपण्याआधी." त्यांनी पाकीट घेतलं आणि खिशात घातलं.

ताई, तो मित्र मी नव्हतो.

मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. पण भावाने बहिणीला तिच्या नवऱ्याचं असलं कसं सांगायचं? आपल्याकडे त्याला शब्दच ठेवलेला नाही. मित्र म्हटलं तर तू औषध सांगशील, आणि तुझ्या घराला धक्का न लावता मी त्यांना बरं करून पाठवीन, असं माझं गणित होतं. मग तुला वाटलं की मीच तो. मला वाटलं, वाटू दे. लग्न थांबलं तर थांबलं, तुझं घर तर राहतंय. लोसाला मी काय लिहिलं माहितीये? चटईत वाळवी लागली. इतका मी शूर.

पण तुझं शेवटचं पत्र आलं. गाद्या उन्हात, सेइनी धक्क्यावर. आणि ते चाळिशीचं. मी ते पत्र घेऊन संत्र्यांच्या रांगेत जाऊन बसलो आणि रडलो. मुकादमांना वाटलं दाढ.

ते ११ तारखेला पोचतील. बारा आठवडे १९ ला पुरे होतात. मधे आठ दिवस. त्या आठ दिवसांसाठी मी हे लिहितोय. भाऊजी म्हणतात, "एचआयव्ही नाही निघाला ना सहा आठवड्यांनी, आता काय उरलंय?" तू त्यांचं ऐकू नकोस. तू नर्सचं ऐक. नर्स तूच आहेस.

ते वाईट माणूस नाहीत. इंजेक्शन घेताना त्यांनी माझा हात धरला होता. पण वाईट नसलेल्या माणसाकडूनही आजार येतो, हे तूच मला शिकवलंस.

मला माफ कर किंवा करू नकोस. पण मधे पडू नकोस म्हणालीस तरी मी पडलो असतो.

फोलाऊ

---

बेटावरून
१८ ऑक्टोबर

फोलाऊ,

साइया शुक्रवारी बोटीतून उतरला, सेइनीला उचललं, माझ्या गालाला गाल लावला आणि म्हणाला, "आईजवळ झोपतो काही दिवस. तिची तब्येत." सगळ्यांनी कौतुक केलं, काय मुलगा आहे म्हणून. मीही केलं. उन्हात टाकलेल्या गाद्यांवर मी आणि सेइनी झोपलो.

सोमवारी सकाळी तो दवाखान्यात आला. बाहेरच्या बाकावर बसला, बायकांच्या रांगेत, सगळ्यांच्या देखत. मला वाटलं सासूबाईंचं औषध हवंय. त्याची पाळी आली तेव्हा आत आला, दार लावलं आणि तुझं पाकीट टेबलावर ठेवलं. म्हणाला, "तीन दिवस खिशात आहे. घरी देता येईना. इथे तू नर्स असतेस."

मी वाचलं. मग मी त्याला काय म्हटलं ते तू भाऊ आहेस म्हणून लिहीत नाही. पट्ट्या ठेवायचा स्टीलचा डबा मी भिंतीवर मारला, एवढं सांगते. त्याला पोचे आलेत. साइया उभा होता तसाच उभा राहिला. "मार," म्हणाला. मी म्हटलं, "मारून रक्त तपासलं जात नाही."

मला राग आला, फोलाऊ. त्याचा आला, तुझा आला आणि सगळ्यात जास्त माझा. जवळजवळ दोन महिने मी शहाणपणा शिकवत होते आणि माझ्याच घरात काय चाललंय ते मला दिसलं नाही. तुझ्याबद्दल मी लगेच मानलं. नवऱ्याचा विचारसुद्धा मनात आला नाही. नर्सलाही आपलं माणूस वेगळं वाटतं.

पण त्या तीन रात्री तो आईकडे झोपला. तेवढं मी मोजलं.

आता ठरलंय ते असं. मी साइयाचं रक्त काढणार नाही. सोमवारी २१ ला आम्ही दोघं बोटीने मोठ्या दवाखान्यात जाणार. आधी माझं रक्त, मग त्याचं. माझं कशाला, असं तो विचारतो. मी म्हटलं, या वर्षीचं एक मला कळलं, मागची तीन वर्षं तू तिकडे जातोस, त्यांचं काय? तो म्हणाला, "देवाशपथ, एकदाच." मी म्हटलं, "देवाला मधे आणू नकोस, सुई पुरेशी आहे."

दुसरं. काल मी लोसाच्या आईकडे गेले. माफी मागायला जाताना बांधतात तशी कमरेला आजीच्या मयतीतली जुनी फाटकी चटई बांधली आणि त्यांच्या दारात जमिनीवर बसले. तुझ्या लग्नात मोठ्या बहिणीचा मान सगळ्यात वरचा, मी कोणासमोर खाली बसायचं नसतं, हे त्यांनाही माहीत आहे. ती बाई घाबरून उठली. मी म्हटलं, "काठ मी उसवला. मुलाची चूक नव्हती. कारण विचारू नका." तिने कारण विचारलं नाही. लोसाने विचारलं. ती पोरगी मला आवडली. म्हणाली, "फोलाऊ चांगला आहे हे तुम्ही सांगता. त्याचा कागद काय सांगतो?"

तेव्हा तूही रक्त देऊन ये. दाढेचं सोंग नको. मुकादमांना सांग, मेलेआने नर्सने पाठवलंय.

मेलेआने

---

मिल्ड्युराजवळ
३१ ऑक्टोबर

ताई,

मुकादमांना खरं सांगितलं. त्यांनी व्हॅन थांबवली आणि म्हणाले, "माझंही बघून घ्यावं म्हणतो." आता दर सोमवारी व्हॅन तिकडे जाणार, ज्याला यायचं तो बसेल. या सोमवारी पहिल्या खेपेला सात जण होतो. दुभाषी बाईने फोनवर विचारलं, "कोणाचा रे तू?" मी बापाचं, आजोबांचं आणि गावाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "शाबास."

माझा कागद सोबत आहे. कोरा. लोसाला तूच दे, मला लाज वाटते.

एक विचारायचं आहे आणि विचारवत नाही. मित्राच्या घरी काय झालं?

फोलाऊ

---

बेटावरून
१५ नोव्हेंबर

फोलाऊ,

कागद लोसाला दिला. तिने तो दोनदा वाचला, घडी घालून बायबलमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आपला कागद आणून माझ्यासमोर ठेवला. "बरोबरी झाली," म्हणाली. तिच्याबरोबर तिच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या, त्याही बाकावर बसल्या. त्यातल्या एकीचा भाऊ काल आला. मला बघून परत फिरत होता. मी आतून ओरडले, "बहीण बाहेर गेलीये, आत नर्स आहे!" तो आला. रक्त काढल्यावर त्या पोचे आलेल्या डब्यातलीच पट्टी लावली.

लग्न डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी. चटई पुरी होत आलीये. काठ मीच विणतेय, जिथे उसवला तिथून. नीट बघितलं तर जोड दिसतो. वीणघरातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, सगळंच उसवून नव्याने घ्या, कळणार नाही. मी म्हटलं, "राहू दे. कळलेलं बरं."

तू मित्राचं विचारलंस. आपल्यात तो मित्रच राहू दे, भाऊ-बहिणीला तेवढा पडदा असावा. त्याचा शेवटचा कागद आला. काही नाही निघालं. त्याच्या बायकोचाही आला, तिचंही काही नाही. तिने दोन्ही कागद वाचले, मग दवाखान्याच्या मागे जाऊन बसली आणि पोटभर रडली. इतके दिवस तिला रडायला वेळ मिळाला नव्हता.

तो अजून आईकडेच झोपतो. रोज सकाळी येऊन पाणी भरतो, सेइनीला शाळेत सोडतो आणि दारातच उभा राहतो. आत ये असं त्याच्या बायकोने अजून म्हटलेलं नाही. काल तिने गादी परत उन्हात टाकली. त्याने बघितलं, पण काही विचारलं नाही. विचारायचं नाही, एवढं तो शिकलाय.

मेलेआने